आठ गावांची मशीद

10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान पडला. ही बातमी घाट उतरून वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळच्या बंदरात पोचली, तेव्हा तिथे खानाची तीन जहाजे नांगरलेली होती. दाभोळच्या आदिलशाही सुभेदाराने ती घेतली आणि दक्षिणेला राजापूरच्या खाडीत आसरा शोधला. मराठ्यांची तुकडी त्यांच्या मागावर राजापुरात पोचली आणि तिथल्या इंग्रज वखारीचे व्यापारी या जहाजांच्या वादात नाहक सापडले. इंग्रजांच्या पत्रव्यवहारामुळेच या धावपळीची तपशीलवार माहिती आज आपल्याला मिळते. विजापूरच्या सर्वांत मोठ्या सरदाराचा शेवट झाला होता, पन्हाळा मराठ्यांच्या हाती गेला होता आणि कोकणातल्या एकेका ठाणेदाराला रात्रीची झोप उरली नव्हती.

दाभोळची लोककथा सांगते की नेमक्या याच दिवसांत विजापूरच्या राजघराण्यातली एक स्त्री दाभोळला मुक्कामाला होती. तिला हजला जायचे होते.

तिचे नाव आयेशाबीबी. लोक तिला मासाहेबा म्हणत. 1880 साली निघालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरने ही कथा नोंदवून ठेवली, आणि पुढे ती ज्याने त्याने आपल्या परीने सांगितली. कथा अशी : मासाहेबा विजापूरहून मोठा लवाजमा घेऊन निघाली. सोबत वीस हजार घोडेस्वार, इतर नोकरचाकर आणि खर्चासाठी पंधरा लाखांचा खजिना. दाभोळला आल्यावर कळले की समुद्रावर चाच्यांचा सुळसुळाट आहे, मार्ग सुरक्षित नाही. मागे वळावे, तर देशावर आणि घाटमाथ्यावर शिवाजी महाराजांचा दरारा. दानधर्मासाठी बाहेर काढलेले धन परत घरात न्यायचे नाही, असा तिचा निश्चय होता. बरोबरच्या मौलवींनी सल्ला दिला, की हे धन इथेच धर्मकार्यी लावा. त्यातून मशीद उभी राहिली. कारागीर कामिलखान, लागलेला काळ चार वर्षे, खर्च पंधरा लाख. मशिदीच्या खर्चासाठी भोपण, पांगारी अशी आठ गावे लावून दिली होती, असेही सांगतात. घुमटाला सोन्याचा मुलामा होता आणि वर सोन्याची चंद्रकोर.

वास्तू आजही उभी आहे. कुणी तिला शाही मशीद म्हणतात, कुणी अंडा मशीद, आणि जुन्या कागदांत ती मासाहेबाची मशीद आहे. कथा कितपत खरी, हे पुढे पाहू. आधी वास्तूकडे जाऊ, कारण वास्तूला खोटे बोलता येत नाही.

गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडहून निघालात तर हा प्रवास निम्मा पाण्याचा आहे. जयगडला शास्त्री नदीच्या मुखाशी फेरीबोट, पलीकडे तवसाळ, मग गुहागर, मग धोपावे, आणि तिथून पुन्हा फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळ. वाटेत ओलांडायच्या दोन्ही खाड्यांवर एकेकाळी विजापूरचा पहारा होता. जयगड आणि अंजनवेलचा गोपाळगड या दोन्ही किल्ल्यांच्या मुळाशी आदिलशाही बांधकाम असल्याचे मानले जाते. फेरीबोट दाभोळच्या काठाला लागत येते तशी माडांच्या शेंड्यांमध्ये एक गोल, भारदस्त आकृती दिसू लागते. तिच्या भोवती सडपातळ मिनार आहेत. या किनाऱ्यावर कौलारू उतरत्या छपरांची सवय झालेल्या नजरेला ती आकृती एकदम वेगळी वाटते, आणि त्या वेगळेपणातच तिचा इतिहास आहे.

कोकणातल्या जुन्या मशिदी घरांसारख्या असतात. जांभ्याच्या भिंती, सागवानी किंवा फणसाचे खांब, वर कौले, पुढे पडवी, बाजूला वजूसाठी विहीर किंवा हौद. लांबून पाहिले तर एखाद्या सधन खोताचा वाडा वाटावा. याचे कारण पाऊस. वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाणी पडणाऱ्या मुलखात पाणी लवकर खाली सोडून देणारे छप्पर हेच खरे छप्पर, हे इथल्या सुताराला कुणी शिकवावे लागत नाही. देऊळ असो, मशीद असो, चर्च असो, कोकणाने सगळ्यांना उतरते छप्पर दिले.

दाभोळची मशीद या रिवाजाला जुमानत नाही. ती घाटावरची आहे. उंच चौथऱ्यावर घडीव दगडात बांधलेला चौकोनी दिवाणखाना, पुढे चढायला पायऱ्या, दर्शनी बाजूला तीन कमानी, चार कोपऱ्यांना चार मिनार आणि मधोमध एकच मोठा घुमट. गॅझेटियरने दिलेली मापे अशी : आतली लांबी-रुंदी 63 फूट गुणिले 54 फूट, आणि घुमटाच्या टोकापर्यंत उंची 75 फूट. म्हणजे भरगच्च वाढलेल्या जुन्या माडाएवढी. दक्षिण कोकणात शुद्ध इस्लामी शैलीचा असा दुसरा मोठा नमुना नाही, असे मत त्या काळच्या नोंदकारांनी दिले आहे आणि ते पटण्यासारखे आहे.

शैली विजापूरचीच. विजापूरची जामा मशीद पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बांधायला घेतली गेली. इब्राहिम रोजा 1627 च्या सुमाराला पुरा झाला. गोलघुमट 1656 चा, महंमद आदिलशहाच्या मृत्यूच्या वर्षाचा. या शंभर वर्षांत विजापूरच्या गवंड्यांनी घुमट बांधण्याची विद्या जिथवर नेली, तिथवर हिंदुस्थानात त्या वेळी फार थोड्यांनी नेली होती. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा तर मधले कोपरे भरावे लागतात, आणि घुमटाचा बाहेर ढकलणारा जोर कुठेतरी जिरवावा लागतो. विजापूरकरांनी त्यासाठी एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची जाळी वापरली. कमानींनी वरचे वजन आतल्या बाजूला धरून ठेवायचे आणि भिंतीवर सरळ खाली उतरवायचे, अशी ती युक्ती. गोलघुमटाचा घेर तिच्याच आधाराने उभा आहे.

दाभोळची मशीद गोलघुमटाच्या तुलनेत लहान आहे. पण घुमटाच्या मापाने मशिदीची थोरवी मोजायची नसते. इथे मोजायचे आहे ते कारागिराचे धाडस. विजापूरचे हवामान कोरडे, पाऊस दाभोळच्या मानाने फार थोडा. तिथे शिकलेली विद्या घेऊन कामिलखान, किंवा ज्याचे नाव कथेने कामिलखान म्हणून जपले तो कुणी, खाडीच्या काठावर आला. इथे हवेत मीठ आहे, जमिनीत ओल आहे, आणि जूनपासून चार महिने पाणी थांबत नाही. घुमटावरून पाणी लगेच ओघळते, ही जमेची बाजू. पण घुमटाभोवतीची सपाट गच्ची, मिनारांच्या बुंध्याचे सांधे, छज्ज्यांची खाच या जागी पाणी अडते, आणि अडलेले पाणी चुन्याच्या सांध्यातून आत शिरते. साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ हे चालू आहे आणि घुमट अजून डोक्यावर आहे. मला वाटते, या वास्तूबद्दल सांगायची सर्वांत मोठी गोष्ट हीच, राजकन्येच्या लवाजम्याच्या कितीतरी आधी.

अशी वास्तू दाभोळलाच का, याचे उत्तर समुद्रात आहे. आज दाभोळचे नाव काढले की लोकांना एन्रॉन आठवते. तो वीजप्रकल्पही खरे तर दाभोळात नाही, खाडीच्या दक्षिण तीरावर गुहागर तालुक्यात आहे. नाव मात्र दाभोळचे घेतले गेले, कारण शेकडो वर्षे या खाडीला दुसरे नावच नव्हते.

बहमनी काळात दाभोळ हे दख्खनचे मोठे दार होते. इराणातल्या गिलानहून निघालेला एक व्यापारी 1453 च्या सुमाराला इथेच उतरला आणि तिथून बीदरला गेला. पुढे तो बहमनी राज्याचा वजीर झाला. तो महमूद गावान. रशियाच्या त्वेर गावचा अफानासी निकितिन काही वर्षे दख्खनात भटकून परत फिरला तेव्हा जहाज धरायला दाभोळलाच आला, आणि इथे येणाऱ्या घोड्यांबद्दल त्याने लिहून ठेवले. घोडा हाच या बंदराचा जीव होता. दख्खनच्या हवेत चांगली पैदास होत नसे, आणि सुलतानांच्या लढाया घोडदळावर चालत. अरबस्तान आणि होर्मुझकडून घोडे यायचे, इकडून कापड आणि मसाले जायचे. होड्यांचे तांडेल, घोड्यांचे दलाल, अरब, इराणी, गुजराती, नावायत, इथली खारवी मंडळी, सगळ्यांची पोटे या एका खाडीवर भरत.

अशा गावात धन असते, आणि धन असले की शत्रू असतात. चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड घ्यायला निघालेल्या आल्मेदाने दीवला जाताना डिसेंबर 1508 च्या अखेरीस दाभोळवर हल्ला केला. गाव लुटले, जाळले, माणसे कापली. बायका-मुलांचीही गय केली नाही. हा प्रकार इतका भयंकर होता, की फिरंग्यांचा कोप दाभोळवर झाला तसा तुझ्यावर होवो, असा शाप पुढे या किनाऱ्यावर रूढ झाला, असे पोर्तुगीज इतिहासकारच नोंदवतात. दाभोळ त्यातून उठले, आणि त्यानंतरच्या पोर्तुगीज हल्ल्यांतूनही पुन्हा पुन्हा उठले.

आणखी एक गोष्ट दाभोळला इतर बंदरांहून वेगळी करते. हे यात्रेकरूंचे बंदर होते. विजापूरच्या मुलखातून मक्केला जाणारी माणसे इथे जमत. पाऊस संपला, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र मोकळा झाला, आणि हिवाळ्यात ईशान्येकडून वारा वाहू लागला, की तांबड्या समुद्राकडे जहाजे सुटत. वारा चुकला तर वर्ष चुकले. म्हणून यात्रेकरूंना कित्येकदा महिनोन्महिने बंदरातच थांबावे लागे. थांबलेल्या माणसांना नमाजासाठी जागा लागते, आंघोळीला पाणी लागते, मेलेल्यांना कबर लागते. शिवाय पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय जहाज पुढे सोडता येत नसे. सतराव्या शतकाच्या मध्यावर या अडचणींत भर पडली. ओमानच्या अरबांनी 1650 मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून हाकलले, डच सगळीकडे घुसत होते, मलबारी चाचे होतेच. मासाहेबाच्या कथेतली समुद्राची भीती काल्पनिक नाही.

आता कथा तपासू. पहिला प्रश्न वर्षाचा. काही ठिकाणी या मशिदीचे साल 1559 असे लिहिलेले आढळते. कथेतले शिवाजी महाराज मान्य केले तर ते साल जमत नाही, कारण महाराजांचा जन्मच 1630 चा. शंभर वर्षांचा हा फरक कुठल्यातरी नकलेत एका आकड्याच्या चुकीने पडला असावा. दुसरी शक्यताही डोळ्यांआड करू नये : मशीद खरोखर जुनी असेल आणि शिवकाळातली कथा तिला नंतर येऊन चिकटली असेल. माझा कल 1659-60 कडे आहे, पण तो कथेवर विसंबलेला कल आहे, हे मान्य करायला हवे.

दुसरा प्रश्न त्या स्त्रीचा. 1656 मध्ये महंमद आदिलशहा वारला आणि तरुण दुसरा अली गादीवर आला, तेव्हा विजापूरच्या कारभाराची सूत्रे बडी साहेबा या राजमातेच्या हाती होती. ती गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाची बहीण, नाव खदीजा सुलताना. अफजलखानाला महाराजांवर पाठवणारी बडी बेगम म्हणून मराठी वाचक जिला ओळखतो ती हीच. विलक्षण गोष्ट अशी की ही बडी साहेबा 1660 च्या दशकाच्या सुरुवातीला खरोखरच हजला गेली, डचांच्या जहाजाने. म्हणजे विजापूरची एक राजस्त्री, मासाहेबासारखेच आदराचे बिरुद, तीच वर्षे, तोच समुद्र, तेच भय. फक्त तिचा हज हुकला नाही.

मग दाभोळची आयेशाबीबी कोण? ती दुसरी कुणी असेल, आदिलशाही घराण्यातली लहान शाखेची मुलगी. किंवा बडी साहेबाच्या यात्रेच्या तयारीची आठवण दाभोळच्या लोकांनी आपल्या मशिदीला जोडली असेल, आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगताना न झालेली यात्रा हेच वास्तूच्या जन्माचे कारण बनले असेल. मला ही दुसरी शक्यता जास्त सबळ वाटते. एक गोष्ट तिच्या बाजूने आहे : त्या हिवाळ्यात वीस हजार स्वार दाभोळला तळ देऊन असते, तर अफजलखानाची जहाजे घेऊन सुभेदाराला राजापूरला पळावे लागले नसते, आणि खलित्या-पत्रांत त्या फौजेचा उल्लेख आल्याशिवाय राहिला नसता.

पंधरा लाखांचेही तसेच. रुपयांत धरले तरी तो आकडा केवढा, याचा अंदाज घ्यायला 1665 चा पुरंदरचा तह उपयोगी पडतो. त्या तहात महाराजांनी जे 23 किल्ले मोगलांना दिले, त्यांच्या मुलखाचे वार्षिक उत्पन्न चार लाख होन होते. होन साडेतीन-चार रुपयांचा धरला तर ते जवळजवळ पंधरा लाख रुपये होतात. 23 किल्ल्यांच्या मुलखाचे वर्षाचे उत्पन्न एका 63 बाय 54 फुटांच्या दिवाणखान्यावर खर्ची पडले, हे मानणे कठीण आहे. आकडा यात्रेच्या साऱ्या तरतुदीचा असेल, किंवा थोरवी सांगण्यासाठी वाढवलेला असेल.

चार वर्षे मात्र पटतात. आणि ती पटतात म्हणूनच एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो, ज्याकडे कथा सांगणारे सहसा वळत नाहीत. काम 1659-60 ला सुरू होऊन चार वर्षे चालले असेल, तर ते आदिलशाहीत सुरू होऊन मराठ्यांच्या राज्यात पुरे झाले. कारण 1661 च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत कारतलबखानाला गुडघे टेकायला लावल्यावर महाराज तडक दक्षिण कोकणात उतरले, आणि त्या वर्षीच्या मोहिमेत दाभोळपासून राजापूरपर्यंतची ठाणी स्वराज्यात आली. अर्धवट बांधलेली शत्रूच्या राजघराण्याची मशीद, हाताशी असलेला घडीव दगड, आणि किल्ल्यांसाठी दगडाची सततची गरज. तो दगड कुणी उचलून नेला नाही. घुमट पुरा झाला आणि राहिला. साल मान्य केले तर हा निष्कर्ष टाळता येत नाही. आणि साल मान्य केले नाही, मशीद आधीच पुरी झालेली होती असे धरले, तरी ती मराठ्यांच्या ताब्यातल्या बंदरात धडधाकट राहिली, एवढे उरतेच.

हे महाराजांच्या ज्ञात धोरणाला धरून आहे. खाफीखान हा महाराजांबद्दल अनुदार लिहिणारा मोगल इतिहासकार. पण मशिदीला, कुराणाला आणि स्त्रियांना इजा होऊ द्यायची नाही असा त्यांचा दंडक होता, हे त्यालाही लिहावे लागले. दाभोळपासून फार लांब नसलेल्या केळशीला याकूतबाबांचा दर्गा आहे. बाबांना महाराज मानत असत अशी परंपरा आहे, आणि मराठी राज्याकडून दर्ग्याला इनाम होते. दाभोळातच चंडिकादेवीचे भुयारासारखे गुहामंदिर आहे, तिथे समईच्या उजेडात आत जावे लागते. देवी खडकाच्या पोटात, मशीद काठावर उघड्यावर. एकाच गावाने दोन्ही जपले.

इथवर आल्यावर कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग येतो. तो सोन्याच्या चंद्रकोरीचा नाही, वीस हजार स्वारांचाही नाही. तो आठ गावांचा आहे.

वास्तू बांधताना देणगी लागते. टिकवताना उत्पन्न लागते. ज्याने कुणी ही मशीद बांधली, त्याला हे नीट ठाऊक होते. दर वर्षी आगोटीच्या आधी गच्चीवरचे गवत उपटायला, सांधे चुन्याने भरायला, हौद उपसायला, दिवाबत्तीला, इमामाच्या वेतनाला पैसा कुठून येणार, याची सोय आधी केली. आठ गावांचा सारा म्हणजे पावसाळ्याआधीचा चुना. मराठी देवस्थानांची इनामे याच तत्त्वावर होती : जमिनीचा तुकडा देवळाला लावून द्यायचा, म्हणजे राजा बदलला तरी नंदादीप विझणार नाही. पण राजवटी बदलत गेल्या, इनामांची चौकशी झाली, आणि अशा किती व्यवस्था वाहून गेल्या याची गणती नाही. आज भोपण आहे, पांगारी आहे, आणि मशीदही आहे. त्यांच्यातला तो धागा तुटलेला आहे.

तो तुटल्यावर काय होते, हे कोकणात कुणाला सांगावे लागत नाही. पहिल्या पावसात दगडावर शेवाळ चढते. शेवाळाने धरून ठेवलेल्या मातीत पिंपळ, उंबर किंवा वडाचे बी पाखरे आणून टाकतात. रोपटे हाताएवढे असते तेव्हा उपटले तर निघते. मनगटाएवढे झाले की मुळासकट काढताना दगड हलतो. खाऱ्या हवेतले मीठ दगडाच्या छिद्रांत शिरते, उन्हाळ्यात त्याचे खडे बनतात आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. कोरीव काम आधी जाते, कारण ते बाहेर असते. भिंत सर्वांत शेवटी.

यापेक्षा मोठा धोका माणसाच्या चांगल्या हेतूतून येतो. सिमेंट. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते आणि चुना श्वास घेतो : ओल आत शिरते, उन्हात बाहेर पडते. पूर्वी शिंपल्या-कालवे भाजून किंवा कळीचा चुना घेऊन तो घाण्यात मळत. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालत. असा चुना हळू घट्ट होतो, पण दगडापेक्षा मऊ राहतो, आणि भिंतीने थोडी हालचाल केली तर तीही सामावून घेतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि बाहेर निघायला दगडाचाच रस्ता धरते. काही वर्षांनी गिलावा फुगतो, सुटतो आणि दगडाची वरची कातडी बरोबर घेऊन जातो. किनाऱ्यावरची कितीतरी देवळे, दर्गे आणि किल्ल्यांचे दरवाजे अशा दुरुस्तीने अधू झालेले आहेत.

आणि कित्येक जुन्या मशिदी तर नाहीशाच झाल्या. मुंबई, दक्षिण आफ्रिका आणि आखातात गेलेल्या कोकणी मुसलमानांनी कष्टाचा पैसा गावी पाठवला. जमातीने ठरवले आणि कौलारू मशिदीच्या जागी काँक्रीटची आली. वाढलेल्या वस्तीला जागा हवी होती, छप्पर गळत होते, सुतार मिळत नव्हते. कारणे खरी होती. पण कोरीव खांब, लाकडी माळे आणि पडव्या गेल्या, त्या बहुतेक ठिकाणी फोटोसुद्धा न काढता गेल्या. हे दुःख एका समाजाचे नाही. आमच्याकडच्या देवळांच्या जीर्णोद्धारांत तेच झाले आहे, तितक्याच भक्तीने आणि तितक्याच घाईने.

मालगुंडला वेगळी गोष्ट घडली, आणि तिची आठवण इथे करून देणे मला आवश्यक वाटते. 1866 साली जन्मलेल्या कवी केशवसुतांचे घर हे काही राजवाडा नव्हता. साध्या शिक्षकाचे साधे घर. असे घर कोकणात एका पिढीत मातीला मिळते. कोकण मराठी साहित्य परिषदेने आणि मधु मंगेश कर्णिकांनी ते काम हाती घेतले आणि 1994 मध्ये स्मारक उभे राहिले. घर जुन्या वळणाचे ठेवले, बाजूला वाचनालय आणि कवितेचे दालन आले, कार्यक्रम सुरू झाले. गणपतीपुळ्याला आलेली माणसे तिथून पुढे मालगुंडला येऊ लागली. घर टिकले, कारण त्याच्यामागे संस्था उभी राहिली : कुणीतरी जबाबदार आहे, कुणीतरी वर्षाचा हिशेब ठेवते, कुणीतरी पावसाआधी छपराकडे पाहते. मातीचे घर असे टिकत असेल, तर दगडी घुमटाची अडचण दगडाची नव्हे.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आदळले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत बागा आडव्या झाल्या, हजारो घरांची कौले-पत्रे उडाले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. अरबी समुद्रात अशी वादळे वाढत आहेत. कोरड्या विजापुरात शिकलेल्या कारागिराने कोकणच्या पावसाचा अंदाज बांधला होता. पुढच्या शंभर वर्षांच्या वाऱ्याचा अंदाज आपल्याला बांधायचा आहे.

त्यासाठी फार मोठ्या घोषणांची गरज नाही. सर्वप्रथम पुरे मोजमाप आणि नकाशे : प्रत्येक कमान, प्रत्येक मिनार, घुमटाची जाडी, आजच्या भेगा कुठे आहेत आणि किती रुंद आहेत. हे काम हल्ली यंत्राने काही दिवसांत होते, आणि वादळात काही पडले तर पुन्हा कसे उभारायचे हे त्यावरून कळते. मग गच्चीचे पाणी वाहून नेणारे मार्ग मोकळे करणे आणि दर वर्षी मे महिन्यात रोपटी काढणे. जिथे सांधे भरायचे तिथे चुनाच वापरणे, आणि तो मळणारे जुने गवंडी अजून हयात आहेत तोवर गावातल्या दोन-चार तरुणांना त्यांच्या हाताखाली शिकवणे. नमाज चालू राहणे हेही जतनाचेच काम आहे. रोज माणसे आत येणारी वास्तू गळायला लागली की त्याच दिवशी कळते. दाभोळच्या जमातीला या वास्तूच्या कुठल्याही दुरुस्तीच्या निर्णयात पहिली खुर्ची मिळायला हवी, आणि तज्ज्ञांना दुसरी.

कागदांचेही काम उरले आहे. विजापूरची फर्माने, पेशवे दप्तरातले सुभा दाभोळचे हिशेब, राजापूर वखारीची पत्रे, हेगमधले डच दप्तर, यांत कुठेतरी त्या आठ गावांचा उल्लेख असायला हवा. इनाम दिले की सनद होते, सनद झाली की नक्कल होते, आणि राज्य बदलले की नवा अंमलदार जुनी सनद पाहायला मागतो. मासाहेबा कोण होती, मशीद कधी बांधली, मराठ्यांनी ती व्यवस्था चालू ठेवली की थांबवली, हे सारे एका सनदेवरून कळू शकेल. फार्सी आणि मोडी दोन्ही वाचणारा एखादा अभ्यासक रत्नागिरी जिल्ह्यातूनच तयार झाला, तर त्याने पहिल्यांदा भोपण आणि पांगारीच्या जुन्या जमाबंदीपासून सुरुवात करावी.